शिकायचं राहून गेलं त्यांच्यासाठी: खान्देशातून मुक्त आणि दूरस्थ शिक्षणाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षं संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, म्हणून रविवारचे तास घेतो. प्रवेशाच्या दिवसांत वर्गापेक्षा व्हरांड्यातच जास्त वेळ जातो. कुणी लेकीला घेऊन आलेलं असतं, कुणी एसटीची ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आलेलं असतं, कुणी नुसतं 'विचारून तर पाहू' म्हणून आलेलं असतं. प्रश्न बहुधा तेच असतात, आणि ते विचारताना माणसं आवाज खाली आणतात. ज्यांना व्हरांड्यापर्यंत येणंही जमत नाही, त्यांच्यासाठी ही उत्तरं लिहून काढली.

मुक्त शिक्षण आणि दूरस्थ शिक्षण एकच का?

जवळचे आहेत, पण एक नाहीत. दूरस्थ म्हणजे शिकवणारा एकीकडे आणि शिकणारा दुसरीकडे. मधलं अंतर पुस्तक, टपाल, रेडिओ, मोबाइल यांनी भरून काढायचं. मुक्त म्हणजे अटी सैल केलेल्या: वयाची, रोजच्या हजेरीची, मध्ये पडलेल्या गॅपची, एका दमात संपवण्याची. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, तेव्हा अंतराची सोय झाली. मोकळीक पुढे आली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ साली सनद मिळाली आणि १९७१ साली त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. आपल्याकडे १९८२ साली आंध्र प्रदेशात, १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू), आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले, आणि ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. खान्देशात 'मुक्तमधून करतो' असं कुणी म्हटलं, की बहुतेक वेळा हेच विद्यापीठ अभिप्रेत असतं.

पदवीचा कागद मिळतो हे समजलं. पण याला विकासाचं साधन का म्हणायचं?

हा प्रश्न एका सरपंचांनी विचारला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर विकास म्हणजे रस्ता आणि पाण्याची टाकी. मला उत्तर नीट देता आलं नव्हतं, म्हणून इथे जरा सविस्तर देतो.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. जळगाव जिल्हा ७८ च्या आसपास, धुळे ७३ च्या, आणि नंदुरबार ६४ च्या. राज्यात सर्वांत खाली. ही दरी नुसत्या नव्या इमारती बांधून भरत नाही, कारण शाळा सुटण्याची कारणं बरीचशी शाळेबाहेरची आहेत. दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला निघून जातात आणि लेकरं सोबत जातात. मुलीची शाळा गावापुरती असते. पुढच्या वर्गासाठी एसटीने जावं लागलं की घरातले थांबवतात. बाप आजारी पडला की थोरल्याच्या हातात वखर येतं. अशी माणसं वीस-पंचवीस वर्षांची झाली की नेहमीचं कॉलेज त्यांच्यासाठी बंद होतं. त्यांचं कामाचं आयुष्य मात्र अजून तीस-चाळीस वर्षं पुढे असतं. एवढ्या मोठ्या वयोगटाला शिक्षणाबाहेर ठेवून कुठल्याही जिल्ह्याचं भलं होणार नाही, हे मला मनापासून वाटतं. मुक्त शिक्षण या माणसांना काम न सोडता शिकू देतं, आणि म्हणूनच ते विकासाच्या कामाचं आहे.

दुसरी बाजू पदवीच्याही बाहेरची आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं घेतली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. गावातली वीसेक माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर बोलायची, आणि अडलेले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायची. जिथे असे गट होते तिथल्या लोकांच्या माहितीत गट नसलेल्या गावांपेक्षा कितीतरी जास्त भर पडली. म्हणजे दूरवरून शिकवणं कामी येतं. मात्र ऐकणाऱ्याच्या शेजारी बोलायला कुणी असलं तर जास्त. माझा रविवारचा अनुभव अगदी हाच आहे.

अलीकडचं उदाहरण तामिळनाडूतलं. राष्ट्रकुल देशांनी १९८८ साली स्थापन केलेल्या कॉमनवेल्थ ऑफ लर्निंग या संस्थेने २००४ पासून तिथे शेतकऱ्यांसाठी आजीवन शिक्षणाचा कार्यक्रम चालवला. थेनी जिल्ह्यातल्या शेळ्या पाळणाऱ्या बायकांना मोबाइलवर छोटे ध्वनिसंदेश जायचे: शेळीचा आजार, चारा, खरेदी, कर्ज. वाचता येण्याची अट नव्हती. बचत गट आणि बँक दोन्ही सोबत होते, त्यामुळे ऐकलेलं लगेच वापरात आलं. साक्री किंवा अक्कलकुवा भागात शेळी पाळणारी कितीतरी घरं आहेत, आणि त्यांच्या हातातही मोबाइल आहेच.

ही पदवी 'खरी' धरतात का? स्पर्धा परीक्षेला चालते का?

चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त विद्यापीठाने मान्यताप्राप्त शिक्षणक्रमात दिलेली दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केलं. एमपीएससीला ती चालते, यूपीएससीलाही चालते.

'मुक्तवाले' म्हणून हिणवणारे भेटतील. दिवसभर कापूस वेचून रात्री स्वाध्याय लिहिणारी मुलगी मी पाहिलेली आहे. तिच्या पदवीला कुणी कमी लेखलं की मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

माझी दहावीच राहिली आहे. मग?

तीन रस्ते आहेत.

पहिला सगळ्यांना माहीत असलेला: १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य मंडळाची तीच परीक्षा द्यायची. यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो हरवला असेल तर शाळेतून दुसरी प्रत काढा आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. यात अभ्यासाला हात देणारं कुणी नसतं, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. इथे विषय एकेक करून सोडवता येतात: पाच वर्षांच्या मुदतीत नऊ संधी मिळतात. गणिताला घाबरून शाळा सोडलेल्यांना मी हाच रस्ता सुचवतो, कारण आधी जमणारे तीन विषय सुटले की माणसाची मान वर होते.

तिसरा, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. ज्यांची शाळा फार लवकर सुटली, त्यांना इथे पाचवी आणि आठवीच्या पातळीपासून सुरुवात करता येते.

बारावी झाली नाही तरी मुक्त विद्यापीठाच्या पूर्वतयारी अभ्यासक्रमातून बी.ए.ला जाता येतं, असं जुने विद्यार्थी सांगतात. खूप जण त्याच वाटेने शिकले. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी, असं नोकरीच्या ठिकाणी धरलं जाईलच असं समजू नका. नोकरीसाठी पदवी हवी असेल आणि वय हाताशी असेल, तर आधी बारावी करून घ्या. वर्ष-दीड वर्ष जास्त जाईल, पण पुढे कागदपत्रं तपासताना कुणी बोट ठेवणार नाही.

किती अभ्यास लागतो? घर, शेत सांभाळून होईल का?

होईल, पण 'परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाहू' असं म्हणून होणार नाही. दूरस्थ शिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास, असा हिशेब असतो. यात वाचन, गृहपाठ, संपर्कसत्र (म्हणजे केंद्रावरचे तास) सगळं आलं. १२० श्रेयांकांची पदवी धरली तर ३,६०० तास झाले. तीन वर्षांत वाटले तर रोज सव्वातीन तासांच्या आसपास येतात. सासू-सासरे, दोन लेकरं आणि दावणीला म्हैस असलेल्या बाईने रोज एवढा वेळ कुठून काढायचा?

म्हणून मी प्रत्येकीला सांगतो, ताई, पदवी तीनच वर्षांत संपवायची सक्ती नाही. मुदत जास्त असते, ती माहितीपुस्तिकेत पाहून घ्या आणि सुरुवातीलाच चार किंवा पाच वर्षांचा बेत करा. कापूस वेचणीच्या दिवसांत पुस्तक हातात घेतलं जाणार नाही, हे आधीच धरून चाला. वेळापत्रक आलं की पहिल्यांदा आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि घरातली लग्नं कुठे येतात ते बघा. आखाजीला माहेरी जायचं सोडून कुणी परीक्षा द्यावी असं मी म्हणत नाही, पण माहेरी जाताना पिशवीत पुस्तक टाकता येतं. माहेरी दुपारी झोपाळ्यावर वाचलेलं जास्त लक्षात राहतं, असं मला दोघीतिघींनी सांगितलं आहे.

लग्नानंतर नाव बदललं. प्रवेशाला अडचण येते का?

हा प्रश्न छोटा वाटतो, पण दरवर्षी सगळ्यात जास्त फॉर्म यावरूनच अडतात. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पासबुकात तिसरंच. आता प्रवेशासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा ओळख क्रमांक (डीईबी आयडी) आणि मिळालेले श्रेयांक जमा राहतात ते एबीसी खातं काढावं लागतं, आणि तिथे नाव जुळलं नाही की गाडी पुढे सरकत नाही. शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. आपल्या लोकांकडे आधार आहे, फक्त त्यावरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव एकमेकांना ओळखत नाहीत.

शक्यतो प्रवेश दहावी-बारावीच्या गुणपत्रकावरच्या नावानेच घ्या. नवं नाव लावायचंच असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद ही कागदं प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी तयार ठेवा. शेवटच्या दिवशी सायबर कॅफेत उभं राहून हे होत नाही. आणि डीईबी आयडी काढताना मोबाइल नंबर स्वतःचा द्या, दुकानदाराचा नको. ओटीपी त्याच्याकडे गेला की पुढे प्रत्येक वेळी त्याच्या दारात जावं लागतं.

आमच्या पाड्यावर रेंजच नाही. ऑनलाइन शिक्षण आमच्या काय कामाचं?

धडगाव, मोलगीकडचे विद्यार्थी हे विचारतात. सातपुड्यातल्या नर्मदाकाठच्या गावांत दवाखानासुद्धा बोटीतून जातो. तिथे व्हिडिओ बघून शिका असं सांगणं मला जमत नाही. स्वयं हे केंद्र सरकारचं व्यासपीठ २०१७ पासून मोफत अभ्यासक्रम देतं आणि जळगाव-भुसावळच्या मुलांना त्याचा उपयोग होतो. पाड्यावर छापील पुस्तकच खरं.

मुक्त विद्यापीठाची पुस्तकं एकट्याने वाचण्यासाठी लिहिलेली असतात: छोटे घटक, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं. प्रवेश घेताना पुस्तकं छापील मिळणार की पीडीएफ, हे विचारून घ्या. पीडीएफ असेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर एकदाच डाउनलोड करा आणि महत्त्वाचे घटक छापून घ्या. ध्वनिफिती ब्लूटूथने एका फोनवरून दुसऱ्यावर जातात, त्याला रेंज लागत नाही. माझ्या केंद्रावर एक मुलगा दर पंधरवड्याला पेनड्राइव्ह घेऊन यायचा आणि पाड्यावरच्या सहा जणांसाठी सगळं नेऊन द्यायचा. त्या सहांपैकी चौघे केंद्राची पायरी फक्त परीक्षेला चढले.

घरी अहिराणी किंवा पावरी बोलतो. पुस्तकाची मराठी जड जाते.

जाणारच. यात तुमची काही चूक नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. भिली, पावरी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकाची मराठी जवळजवळ दुसरी भाषा असते. अहिराणी, तावडी बोलणाऱ्यांना ती कळते, पण लिहिताना हात अडतो. संपर्कसत्रात मी आधी मुद्दा अहिराणीत सांगतो, मग तोच मराठीत लिहायला लावतो. घरी हेच करा: एक घटक वाचला की पुस्तक मिटून तो आईला किंवा भावाला आपल्या बोलीत समजावून सांगा. सांगता आला तर समजला. त्यानंतर पाच ओळी मराठीत लिहा. पहिला महिना फार जड जातो, पण तेवढा रेटा.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावं?

पदवीच घ्यायला हवी असं नाही. कृषी पदवी तशीही दूरस्थ पद्धतीने करायचा विषय उरलेला नाही. पण छोटे प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कृषी विज्ञान केंद्रांची प्रशिक्षणं आणि आकाशवाणी जळगावचे शेतीचे कार्यक्रम हे सगळं याच गोतावळ्यातलं आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावलच्या शेतकऱ्याला लागवड शिकवायला नको. त्याला निर्यातीच्या अटी, फळाची हाताळणी, उत्पादक कंपनीचे हिशेब हे हवं असतं. ते वर्गात न बसता शिकता येतं, आणि त्यासाठी गावातले दहा केळीवाले एकत्र बसले तर उत्तमच.

सगळेच शिक्षणक्रम असे करता येतात का?

नाही. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, इंजिनिअरिंगची पदवी, आर्किटेक्चर, कायदा हे दूरस्थ होत नाहीत. कुणी 'घरबसल्या नर्सिंग' किंवा 'घरबसल्या एलएलबी' सांगत असेल तर उठून या. बी.एड. दूरस्थ आहे, पण ते सेवेतल्या शिक्षकांसाठी.

फसवणूक कशी ओळखायची?

आमच्याच भागातल्या एका मुलाने 'परीक्षा न देता एका वर्षात पदवी' या जाहिरातीवर भरवसा ठेवून वडिलांनी कांदा विकून आलेले पैसे घालवले. तो माझ्याकडे आला तेव्हा हातात रंगीत गुणपत्रक होतं आणि त्याला किंमत शून्य होती. माझ्या मनातून ते जात नाही.

तीन गोष्टी बघा. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या विद्यापीठाचं नाव, तो शिक्षणक्रम आणि ते प्रवेशवर्ष, तिन्ही आहेत का? नुसतं विद्यापीठाचं नाव असणं पुरेसं नाही. फी विद्यापीठाच्या खात्यात ऑनलाइन जाते की कुणाच्या हातात रोख? आणि परीक्षेला स्वतः बसावं लागतं का? 'तुम्ही फक्त सही करा' असं कुणी म्हणालं, तर तिथे एक रुपयाही देऊ नका. मूळ गुणपत्रकं आणि दाखला तर कुणाकडेच ठेवायला देऊ नका.

कॉलेजला रेग्युलर आहे. सोबत हेही करता येईल?

येईल. २०२२ पासून आयोगाने एका वेळी दोन शिक्षणक्रमांना परवानगी दिली आहे: एक नेहमीचा, दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन. आधी पहिल्याचा अभ्यास झेपतोय का बघा.

प्रवेश घेतात पण मध्येच सोडून देतात, असं का होतं?

होतं खरं, आणि खूप होतं. लोक म्हणतात मुलं आळशी असतात. मला तसं दिसलेलं नाही. सोडणारे बहुतेक पहिल्या चार महिन्यांत सोडतात, आणि त्या चार महिन्यांत त्यांना कुणाचा एक फोनही आलेला नसतो. पुस्तकं उशिरा आली, गृहपाठाची तारीख कळली नाही, संपर्कसत्राला गेले तर वर्गाला कुलूप. एकट्या माणसाला एवढं पुरतं. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतील, हा आपला मोठा गैरसमज आहे.

एका वर्षी मी प्रवेश घेतलेल्यांच्या गावांप्रमाणे याद्या केल्या आणि एका गावच्या चौघा-पाचांना एकमेकांचे नंबर त्यांना विचारून दिले. बाकी काही केलं नाही. त्या वर्षी परीक्षेला बसलेल्यांनी खोली भरली, जादा बाक आणावे लागले. तेव्हापासून मी हे दरवर्षी करतो.

गावातल्या कुणालाही हे जमेल. ग्रामपंचायतीची खोली किंवा वाचनालय शनिवारी संध्याकाळी दोन तास उघडं ठेवायचं, दिवा आणि पाणी एवढीच सोय. शिकवणारा नसला तरी चालतं. फी भरणं जड जाणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांनी नंदुरबार, तळोदा, धुळे, यावल यांपैकी आपल्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन चालू योजनांची चौकशी करावी. एकट्याने जाण्यापेक्षा गटाने जावं.

एका विषयात नापास झालो. सगळं परत करायचं का?

नाही. तेवढाच विषय पुन्हा द्यायचा, बाकीचे श्रेयांक जमा राहतात. परीक्षा अर्जाची तारीख मात्र चुकवू नका.

माझं वय पन्नाशीच्या पुढे आहे. लोक हसतील का?

कमाल वयाची अट नाही. हसण्याचं म्हणाल तर काही जण हसतात. पाच-सहा वर्षांपूर्वी एक आक्का बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या, सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायच्या. शेजारणीने त्यांना विचारलं होतं, 'आते या वयमा शिकीसन काय करशी?' आक्कांनी ते आम्हाला वर्गात सांगितलं आणि आपलं उत्तरही सांगितलं: 'नातूले वाची दाखाडसू.' तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला त्या आल्या तेव्हा हॉल तिकिटावरचा फोटो पुसट झाला होता. पर्यवेक्षकाने ओळखपत्र मागितलं. त्यांनी पिशवीतून आधार काढून दिलं, चष्मा लावला आणि पेपर मागितला. तुम्हीही येताना मूळ आधार सोबत ठेवा, आणि पेपरच्या आधी अर्धा तास पोहोचा.